खांदा पाहून ब्लेझर घालावा

कॉलेजच्या प्लेसमेंट सेलचा ‘फॉर्मल्स कम्पल्सरी’ असा मेसेज आला आहे, किंवा बढती मिळून एसीच्या थेट झोतातली खुर्ची वाट्याला आली आहे, अशा सर्व भगिनींसाठी ही प्राथमिक मार्गदर्शिका. ब्लाउज शिवून घेण्याचा पूर्वानुभव असल्यास उत्तम. टेलरवर किती विश्वास ठेवायचा, हे त्यात शिकून झालेलं असतं.

साहित्य : ब्लेझरच्या आत घालायचा तोच शर्ट (अंगात, पिशवीत नव्हे), खरं बोलणारी एक मैत्रीण, मोबाइल. आई ऐच्छिक.

पायरी १ : साइज विसरा. एका दुकानातली ‘एम’ शेजारच्या दुकानात ‘एक्सएल’ होते. याचा तुमच्या कालच्या पुरणपोळीशी काही संबंध नाही. प्रत्येक कंपनीचा मापतक्ता वेगळा. भारतीय अंगांचा स्वतःचा तक्ता असावा म्हणून वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट यांनी सहा शहरांतल्या १५ ते ६५ वयाच्या २५ हजारांवर लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरनं घेण्याचा उपक्रम आखला. तुम्ही मात्र लेबल बघून पोट आत ओढू नका. आत ओढलेलं पोट मीटिंगमध्ये बाहेर येतं.

पायरी २ : खांदा. शिवण खांद्याच्या हाडाशी संपली पाहिजे. परीक्षा सोपी आहे : ट्रायल रूमच्या भिंतीला कुशीवर टेकून उभ्या राहा. दंडाआधी पॅड भिंतीला लागलं, तर ब्लेझर मोठा आहे. तो तिथेच काढून ठेवा. खांदा दुरुस्त करायचा म्हणजे बाही, अस्तर, पॅड सगळं उसवून पुन्हा बसवायचं. त्याची मजुरी ऐकली की नवा ब्लेझर स्वस्त वाटू लागतो. या टप्प्यावर विक्रेता मध्ये पडेल. मोठा असेल तर ‘ओव्हरसाइज्ड फॅशन आहे मॅडम’, आवळत असेल तर ‘स्लिम फिट आहे मॅडम’. दोन्हीला हसून मान हलवावी आणि पुढचा हँगर मागावा.

पायरी ३ : बटण लावा. लागलं म्हणून लगेच आनंदू नका. बटणापासून चारी बाजूंना फुलीसारख्या सुरकुत्या फुटत असतील, तर तो लहान आहे. खांद्याला, छातीला नीट आणि कमरेला ढगळ असेल, तर खुशाल घ्या. टक्स घालून कंबर आत घेता येते. उलट मात्र जमत नाही : सैल करायला आत माया लागते, आणि रेडिमेड कपड्यात ती फारशी नसते.

पायरी ४ : कवायत. स्वतःला मिठी मारा. पाठ करकरली तर नापास. आता लोकलची कडी धरल्यासारखा हात वर करा. अख्खा ब्लेझर कानाशी आला, तर मुंढा फार खाली कापलेला आहे. मुंढा मोठा असला की हात मोकळा राहील असं वाटतं. होतं नेमकं उलटं. बाही मनगटाच्या हाडापर्यंत हवी. लांब असल्यास कमी होते, पण टोकाशी खरी काजं असतील तर खालून कापता येत नाही, खांद्याकडून कमी करावी लागते. आयुष्यात नकली काज फायद्याचं ठरण्याची ही एकमेव जागा.

पायरी ५ : खिसा. महिलांच्या ब्लेझरचे खिसे तीन प्रकारचे : खरे, कच्च्या टाक्यांनी बंद केलेले, आणि नुसतीच पट्टी. दुसरा प्रकार हलक्या हातानं उसवला की उघडतो. तिसरा उसवलात तर थेट अस्तर भेटेल. १९६६ साली पॅरिसमध्ये इव्ह सँ लोराँनं पुरुषी धाटणीचा ‘ले स्मोकिंग’ सूट बायकांसाठी आणला. तिथून कोट आपल्या मॉलपर्यंत सुखरूप पोचला. खिसे वाटेत कुठे उतरले, कोण जाणे. मोबाइल आत घालून बघितल्याशिवाय बिल करू नये.

पायरी ६ : घरी. मागच्या कापावरची दोऱ्याची फुली म्हणजे डिझाइन नव्हे, ती उसवा. बाहीवरचं कंपनीचं लेबलही काढा. आई म्हणेल, ‘जरा मोठा घ्यायचास, आत स्वेटर बसला असता.’ वाद घालू नका. तिनं तुम्हाला दहावीपर्यंत वाढत्या अंगाचेच कपडे घेतले आहेत.

पायरी ७ : टेलर. ‘थोडा आत घ्या’ असं सांगू नका. तिथेच अंगावर घालून टाचण्या लावून घ्या. उभं राहून बघा, बसूनही बघा. ‘शुक्रवारी देतो’ हे वाक्य टेलर मनापासून बोलतात. कोणता शुक्रवार, ते विचारून घ्या. मुलाखत सोमवारी असेल तर त्यांना गुरुवार सांगा.

विशेष सूचना : ब्लेझर एकदाचा नीट बसला की मामेबहीण तिच्या मुलाखतीसाठी मागेल. देऊ नका. तिला तो जास्त चांगला बसला, तर काय करणार?