थंड व कोरड्या जागी ठेवा

चॉकलेटच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत असतं, ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’. मे महिन्यात संग्रामपुरात कोरडी जागा म्हणाल तेवढी मिळेल. थंडसाठी सातपुडा चढावा लागेल. कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं, आणि इथला पारा चाळिशी ओलांडून बसलेला. डार्क चॉकलेट जवळपास दोन वर्षं टिकतं, दुधाचं वर्षभर, हा हिशेब 15 ते 18 अंशांचा. दुकानातला फ्रिज थंड खरा, पण लाइन असेल तोवर. मग चॉकलेट वितळतं, पुन्हा गोठतं आणि पांढरं पडतं. गिऱ्हाईक म्हणतं बुरशी. दुकानदार म्हणतो, ‘नवीन माल आहे.’ दोघंही चूक. ती वर आलेली चरबी. खाऊन काही होत नाही, फक्त चव जाते.

त्यापेक्षा आपली साखरेची गोळी बरी. रावळगावात 1942 पासून गोळ्या बनू लागल्या, तेव्हा खेड्यात फ्रिज कुठे होते? घट्ट झाकणाच्या बरणीत ती वर्षभर सहज राहते. पावसाळ्यात मात्र ओल धरते आणि कागदासकट खावी लागते.

सुट्ट्यांऐवजी गोळी हातावर टेकवली, तर आधी तारीख बघा. रुपयाला ती नसते.