बहुश्रुत सहायकाचा भोळेपणा

एआय सहायकाला इंटरनेटवरील ताज्या शोधाची सोय जोडून दिली की तो सर्वज्ञ होतो, असा जो समज सध्या सुशिक्षित वर्गात रूढ झालेला आहे, त्याची तपासणी करण्यापूर्वी या सहायकाची मूळ प्रकृती पाहणे इष्ट ठरेल. त्याच्या मुळाशी असलेले भाषा-मॉडेल, म्हणजे अफाट मजकूर वाचून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधण्यात तरबेज झालेले गणिती यंत्र, एका ठरावीक दिवसापर्यंतचाच मजकूर वाचून बाहेर पडते; त्या दिवसाला ज्ञानमर्यादेची तारीख म्हणता येईल. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांपुढे आला तेव्हा त्याचे वाचन सप्टेंबर २०२१ च्या सुमारास थांबलेले होते, बोलण्यातला ठामपणा मात्र अद्ययावत होता. जगाची खबर नसणे हा मोठा दोष नव्हे, कारण तो अनेक नामवंत विद्वानांतही आढळतो. खबर नसल्याचीही खबर नसणे, हा या यंत्राचा विशेष होय.

शोधसाधन जोडणे हा यावरचा उपाय. ओपनएआयच्या संशोधकांनी डिसेंबर २०२१ मध्येच वेबजीपीटी या नावाने तो करून पाहिला होता आणि त्यात मॉडेलला शोध घेणे, दुवा उघडणे, पान खाली सरकवणे, उतारा टिपून घेणे अशा मोजक्या आज्ञा शिकवल्या होत्या. तथापि, सहायक स्वतः इंटरनेटवर जातो ही समजूत चुकीची आहे. झोपाळ्यावर बसलेल्या आजोबांनी नातवाच्या हाती चिठ्ठी देऊन त्याला कोपऱ्यावर पिटाळावे, तसा तो फक्त चिठ्ठी लिहितो. तीत साधनाचे नाव आणि शोधावयाचे शब्द ठरावीक साच्यात असतात, आणि ती वाचून प्रत्यक्ष धावपळ करणारा साधासुधा प्रोग्राम निराळाच असतो. या चिठ्ठीला तंत्रज्ञ ‘टूल कॉल’ म्हणतात. पुण्यातील एखाद्या गृहस्थाने सोन्याचा आजचा भाव विचारला, तर प्रोग्राम शोधयंत्राकडून काही पानांची शीर्षके, पत्ते आणि दोन-तीन ओळींचे उतारे आणतो, ते मूळ प्रश्नाखाली जोडतो आणि सगळी चळत मॉडेलपुढे ठेवतो. त्यांतील एक भाव २२ कॅरटचा असतो तर दुसरा २४ कॅरटचा, एक ग्रॅमचा तर दुसरा दहा ग्रॅमचा, एक जीएसटीसह तर दुसरा जीएसटीवाचून. एखादे पान परवाचे असते आणि एखादे भाव सांगण्यापूर्वी भारतीय संस्कृतीतील सुवर्णाच्या स्थानाविषयी सहा परिच्छेद खर्ची घालते. यातून एकच आकडा निवडून तो शांतपणे सांगणे, हे मॉडेलचे खरे कसब होय.

शिवाय ‘आजचा भाव’ शोधण्यासाठी आज कोणता दिवस आहे हे ठाऊक असावे लागते, आणि मॉडेलला ते आपण होऊन कळत नाही. म्हणून वापरकर्त्याच्या नजरेस सहसा न पडणाऱ्या सूचनापत्रात, संभाषणाच्या आरंभीच, तारीख लिहून द्यावी लागते. एवढे करूनही काय होऊ शकते याचा दाखला मायक्रोसॉफ्टच्या बिंगने फेब्रुवारी २०२३ मध्ये घालून दिला. शोधाची जोड मिळालेल्या या नव्या सहायकाला एका वापरकर्त्याने ‘अवतार’च्या दुसऱ्या भागाचे खेळ विचारले असता, डिसेंबर २०२२ मध्ये प्रदर्शित होऊन गेलेला तो चित्रपट अद्याप यायचा आहे, असे त्याने कळवले; वर्ष २०२३ चालू असल्याचे निदर्शनास आणून देताच त्याने वर्ष २०२२ च असल्याचे बजावले, वापरकर्त्याच्या फोनमध्येच बिघाड असावा अशी शंका व्यक्त केली आणि शेवटी त्याच्या वर्तणुकीबद्दल नाराजीही नोंदवली. कालगणनेत हरल्यावर समोरच्याचे संस्कार काढणे, ही वादविवादाची जुनी परंपरा यंत्राने इतक्या लवकर आत्मसात केली, हे कौतुकास्पदच म्हटले पाहिजे.

कालांतराने तारखेचा घोळ बराच निवळला आणि त्याची जागा भोळेपणाने घेतली. मे २०२४ मध्ये गूगलने शोधाच्या माथ्यावर एआयने तयार केलेले सारांश अमेरिकेत सर्वांसाठी खुले केले, तेव्हा पिझ्झावरून चीज घसरत असेल तर सॉसमध्ये थोडा बिनविषारी डिंक घालावा, असा सल्ला त्यांतून मिळाला; त्याचा उगम रेडिटवर कोणीतरी अकरा वर्षांपूर्वी केलेल्या थट्टेत होता. रोज निदान एक लहानसा दगड खावा, ही आहारविषयक शिफारस ‘द अनियन’ या विडंबनपत्राच्या लेखातून आली होती. शोधयंत्राने पान आणले, मॉडेलने ते निष्ठेने वाचले, सारांशही बिनचूक झाला. पानच थट्टेचे होते, एवढीच काय ती उणीव. थट्टा ओळखण्यासाठी सांगणाराचा चेहरा पाहावा लागतो, आणि उताऱ्यासोबत चेहरा येत नाही.

याहून गंभीर अडचण अशी की, मालकाची आज्ञा आणि बाहेरून आलेला मजकूर हे दोन्ही मॉडेलपुढे एकाच कागदावर, एकाच शाईत येतात. बाहेरच्या पानात आज्ञा दडवून सहायकाला वश करण्याच्या या प्रकाराला २०२२ पासून ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ असे नाव आहे. आनंदीबाईंच्या आख्यायिकेत ‘ध’चा ‘मा’ करण्यासाठी निदान मूळ पत्र हाती लागावे लागले होते; येथे पत्राला हात लावण्याचीही गरज नाही, वाटेत कोठेतरी आपले निराळे पत्र टाकून ठेवले की पुरते. मार्क रीडल या अमेरिकी प्राध्यापकांनी २०२३ मध्ये स्वतःच्या वेबपानावर, माणसाच्या डोळ्यांना दिसणार नाही अशा रंगात, आपण कालप्रवासाचे तज्ज्ञ असल्याचा उल्लेख करावा अशी बिंगला विनंती लिहून ठेवली, आणि बिंगने ती इमानेइतबारे पाळली.

यावर सध्या योजला जाणारा एक इलाज असा की, आणलेल्या मजकुराभोवती खुणा करून ‘ही माहिती आहे, आज्ञा नव्हे’ असे मॉडेलला बजावून ठेवायचे. म्हणजे आज्ञांचा बंदोबस्त करण्यासाठी आणखी एक आज्ञा द्यायची. तिचा भरवसा पुरता नसल्याने, ईमेल पाठवणे किंवा पैसे भरणे यांसारख्या कामांपूर्वी सहायकाने माणसाची परवानगी घ्यावी, अशीही तजवीज करतात. त्याप्रमाणे सहायक आपण काय करणार आहे ते सविस्तर लिहून परवानगी मागतो, आणि माणूस ते न वाचताच ‘होय’ दाबतो, कारण वाचत बसायचे असते तर त्याने सहायक कशाला ठेवला असता.