खरेदीपूर्व छायाचित्रकार

छायाचित्रकारांचे हौशी आणि व्यावसायिक असे दोन वर्ग मानण्याची प्रथा आहे. परंतु महाराष्ट्राच्या शहरी मध्यमवर्गाकडे पुरेसे लक्ष न देता ही विभागणी झालेली असल्यामुळे तिच्यातून एक तिसरा वर्ग सुटून गेला आहे. या वर्गातील गृहस्थाला छायाचित्रणाची आवड असते, ज्ञान असते आणि त्यासाठी बाजूला काढलेली रक्कमही असते. नसतो तो फक्त कॅमेरा, आणि तो नसण्याचे कारण दारिद्र्य किंवा आळस नसून अभ्यास हे असते. त्याला खरेदीपूर्व छायाचित्रकार म्हणणे सोयीचे ठरेल.

भिगवणच्या जलाशयावर रोहित पक्षी पाहायला गेलेले असताना मोबाइलवर काढलेल्या फोटोत पक्ष्यांऐवजी गुलाबी ठिपके उमटले की या गृहस्थाच्या मनात कॅमेऱ्याची इच्छा मूळ धरते, आणि घरी पोहोचण्यापूर्वीच तिचे रूपांतर एका तक्त्यात होते. तक्त्याचा पहिला रकाना मेगापिक्सेलचा, म्हणजे चित्र ज्या बिंदूंनी बनते त्यांच्या दशलक्षांतील संख्येचा असतो. 1975 साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने बनवलेल्या डिजिटल कॅमेऱ्यात ही संख्या अवघी 0.01 होती आणि एक चित्र कॅसेटवर नोंदवायला 23 सेकंद लागत, ही माहिती तो पाहुण्यांना चहा येईपर्यंत पुरवतो. 24 मेगापिक्सेलचे चित्र उत्तम दर्जाने छापले तरी सुमारे 20 इंच रुंद होते आणि 4के टीव्हीच्या पडद्यावर जेमतेम 83 लाख बिंदू मावतात, हा हिशेब त्याने स्वतःच मांडलेला असतो. तरीही 45 मेगापिक्सेलचा रकाना तो खोडत नाही, कारण अद्याप न काढलेल्या छायाचित्राचा एखादा कोपरा पुढेमागे कापून मोठा करावा लागला तर काय, ही चिंता त्याला झोपू देत नाही.

दुसरा रकाना सेन्सरचा. पूर्वी जेथे फिल्म असे तेथे बसणाऱ्या आणि प्रकाशाचे विद्युत् संकेतांत रूपांतर करणाऱ्या या चिपचा ‘फुल फ्रेम’ हा आकार 36 गुणिले 24 मिलिमीटर असतो, तर नवशिक्यांच्या कॅमेऱ्यांत सहसा आढळणारा ‘एपीएस-सी’ सेन्सर क्षेत्रफळाने त्याच्या निम्म्याहूनही लहान असतो. मोठा सेन्सर अंधुक प्रकाशात सरस ठरतो, म्हणून गणेशोत्सवातील रात्रीच्या मिरवणुकीसाठी तो हवा; लहान सेन्सरवर त्याच लेन्सने लांबचा पक्षी चौकटीत अधिक मोठा दिसतो, म्हणून भिगवणसाठी तो हवा. दोन्ही युक्तिवाद बरोबर असल्यामुळे दोन्ही कॅमेरे घ्यायचे राहतात.

लेन्सच्या बाबतीत त्याची चिकित्सा पत्रिका जुळवणाऱ्या वधुपित्याला लाजवील अशी असते, आणि तिला आधारही असतो. कारण लेन्स ज्या कड्यात अडकते तो ‘माउंट’ प्रत्येक कंपनीचा सहसा निराळा असल्याने पहिली बॉडी, म्हणजे लेन्सविना कॅमेरा, निवडणे म्हणजे पुढील अनेक वर्षांसाठी घराणे निवडण्यासारखेच असते. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या 18-55 मिलिमीटरच्या किट लेन्सविषयी तो तुच्छतेने बोलतो. जगद्विख्यात छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी बव्हंशी एकाच 50 मिलिमीटरच्या लेन्सवर काम केले, हे तो आदराने सांगतो आणि लगेच स्वतःला लागणाऱ्या चार लेन्सची यादी वाचतो.

संगणकाचा प्रश्न चित्र साठवण्याच्या पद्धतीतून उद्भवतो. कॅमेरा जेव्हा चित्राला स्वतः अंतिम रूप देऊन जेपीईजी फाइल बनवतो, तेव्हा प्रत्येक रंगाच्या 256 छटाच उरतात. उलट सेन्सरची मूळ नोंद जपणाऱ्या 14 बिटांच्या ‘रॉ’ फाइलमध्ये 16,384 पायऱ्या असतात, मात्र तिच्यावर संगणकात संस्कार करावे लागतात. त्यासाठी 16 जीबी रॅम, वेगवान एसएसडी आणि रंग प्रामाणिकपणे दाखवणारा मॉनिटर पुरेसा आहे, असे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा संगणकाचा कोणताही दुकानदार सांगतो. या गृहस्थाचा अभ्यास मात्र त्याच्या पुढे गेलेला असतो: पडद्याभोवतीच्या भिंती रंगीत असल्या की डोळ्यांचा रंगांविषयीचा अंदाज चुकतो, म्हणून संगणकाआधी खोली करड्या रंगाने रंगवणे त्याला क्रमप्राप्त वाटते. घर रंगवायला झाले आहे, हे पत्नीला तत्त्वतः मान्य असते. करडा रंग मान्य नसतो, आणि खरेदी तेथे अडते.

तथापि त्याने काहीच घेतलेले नसते असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रत्येक छायाचित्राच्या तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर ठेवावी, हा नियम वाचून त्याने एक हार्ड डिस्क आणून मेहुण्याच्या घरी ठेवलेली असते. ती रिकामी आहे, पण सुरक्षित आहे. पावसाळ्यातील दमट हवेत लेन्सला फंगस लागते, म्हणून आर्द्रता आटोक्यात ठेवणारी विजेवरची पेटीही घरात आलेली असते, आणि तीत घरचे पापड आश्विनापर्यंत कुरकुरीत राहतात.

मुहूर्तांच्या बाबतीत तो श्रद्धाळू आहे. गुढीपाडव्याला नवे मॉडेल येऊ घातलेले असते, अक्षय्य तृतीयेला पाऊस तोंडावर आलेला असतो, दसऱ्याला दिवाळीच्या सवलतींची वाट पाहणे शहाणपणाचे ठरते आणि बलिप्रतिपदेला हवी ती बॉडी दुकानातून संपलेली असते. साडेतीनही मुहूर्त असे सत्कारणी लागतात.

मुंबईच्या फोर्ट भागातील बोरा बाजारात, जेथे कॅमेऱ्यांची दुकाने दाटीवाटीने उभी आहेत, तेथील जुना दुकानदार त्याला चालीवरून ओळखतो आणि तक्ता उघडण्यापूर्वीच विचारतो, “साहेब, काढायचं काय आहे तुम्हाला?” पक्षी की माणसे, रात्र की दिवस, छापायचे की मोबाइलवर पाठवायचे, एवढे ठरले तर एखादी जुनी पण चांगली बॉडी, स्वस्तातली 50 मिलिमीटरची लेन्स आणि घरात असलेलाच संगणक नवशिक्याला पहिले वर्षभर सहज पुरतो. परंतु दुकानदाराच्या या प्रश्नासाठी तक्त्यात रकाना नसतो. शिवाय त्याचे उत्तर देण्यात एक धोका असतो, जो या गृहस्थाने मनोमन ओळखलेला असतो: न घेतलेल्या कॅमेऱ्यातून आजवर एकही वाईट छायाचित्र निघालेले नाही, आणि हा लौकिक विकत घेतलेल्या कोणत्याही कॅमेऱ्याला पहिल्या संध्याकाळपलीकडे टिकवता येत नाही.

या वर्गाची वाढ सल्ल्यातून होते. कचेरीत कोणालाही कॅमेरा घ्यायचा झाला की त्याला याच गृहस्थाकडे पाठवले जाते, कारण इतकी माहिती दुसऱ्या कोणाकडे नसते. येत्या रविवारी कॅमेरा घ्यायचाच, असे ठरवून आलेला तो सहकारी दोन तासांनी उठतो तेव्हा त्याच्या हाती तक्त्याची एक प्रत असते, आणि दारात चपला घालताना त्याने एवढेच विचारलेले असते की, दसऱ्यापर्यंत थांबावे की पाडव्यापर्यंत.