पंचकल्याणी घोडा आणि 42 डॉलर

सॅन होजे,
दत्तजयंती

तीर्थरूप नानांस,


सारंगखेड्याची यात्रा आजपासून भरली असेल. घ्यायचा नसला तरी दर घोड्याचा जबडा उघडून दात बघणं चालू असेल तुमचं.

इकडे आम्ही एक खटला जिंकलो. कोर्टाची पायरी चढलो नाही, वकिलाचं तोंड पाहिलं नाही. टपालाने कार्ड आलं की आमच्या गाडीच्या कंपनीने मायलेज फुगवून सांगितलं होतं, म्हणून सगळ्या मालकांच्या वतीने एकच दावा लावलाय. तुमच्या सूनबाईंनी पिझ्झाची जाहिरात समजून दोनदा फेकलं. तिसऱ्यांदा फॉर्म भरला. दोन वर्षांनी चेक आला, 42 डॉलर! टाकी जेमतेम भरली. वकिलांनी मात्र पंगत झोडली.

तुमचा तो पंचकल्याणी आठवतो? यात्रेत नवरदेवासारखा रेवाल चालला आणि दारात आल्यावर लंगडला. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या त्याच जातीच्या. चाकं फिरताहेत पण स्टिअरिंग हलत नाही, म्हणजे तपासणी चाललीय, हे गाडीतलं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि धूर शहाण्यासारखा सोडायचं. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या 40 पटींपर्यंत! जगभर सुमारे 1.1 कोटी गाड्या. सप्टेंबर 2015 मध्ये बिंग फुटलं. पुढच्याच वर्षी इथल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात न्यायाधीश चार्ल्स ब्रेयर यांनी 14.7 अब्ज डॉलरपर्यंतचा समझोता मंजूर केला. गाडी परत द्या, बिंग फुटण्याआधीचा भाव घ्या, वर किमान 5,100 डॉलर. तुमच्या घोडेवाल्याने लगामसुद्धा परत घेतला नव्हता.

आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या वाहन-तपासणी संस्थेने तपासण्या केल्या, कंपनीने 3,23,700 गाड्या दुरुस्तीला बोलावल्या. 2019 मध्ये हरित लवादाने 500 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, पण तो हवा बिघडवल्याबद्दल. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं.

बापू नवी गाडी घेतोय म्हणे. त्याला सांगा, 2019 च्या ग्राहक कायद्यात कलम 35 आहे. एकाच तऱ्हेने फसलेल्यांना आयोगाच्या परवानगीने सगळ्यांसाठी मिळून तक्रार करता येते, आणि जिल्हा आयोग नंदुरबारलाच आहे. शोरूमवाला मायलेज तोंडी सांगेल, ते लिहून घ्या. जाहिरात आणि बिल जपून ठेवा. फक्त मिरचीच्या कोठीत नको; मागे ट्रॅक्टरचं बिल शोधताना अख्खं घर शिंकत होतं.

आपला,
पक्या