बुलढाणा ते मुंबई, विमानाने: नवशिक्यांसाठी

साहित्य: कागद, पेन्सिल, शाळेतला नकाशासंग्रह. विमान लागत नाही. आमच्या जिल्ह्यात प्रवासी विमान मिळतही नाही, त्यामुळे हा प्रयोग इथे विशेष स्वच्छ होतो.

पायरी पहिली. बुलढाण्याचे अक्षांश-रेखांश २०.५३ आणि ७६.१८, मुंबईचे १९.०८ आणि ७२.८८. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच भरतो, आपल्याकडे येईतो १०४वर येतो. उत्तर-दक्षिण १६१, पूर्व-पश्चिम ३४५. आता नववीत ज्याला शिव्या घातल्या त्या पायथागोरसला हात जोडा. कर्ण ३८० किलोमीटर.

पायरी दुसरी. विमानाचा वेग ताशी ८०० धरा. भागाकार केला की साडेअठ्ठावीस मिनिटं. हा आकडा मुंबईच्या पाहुण्यांना फोनवर सांगून टाका, म्हणजे ते चहा टाकतील. (याच अंतराला सूर्याला १३ मिनिटं पुरतात. पण त्याच्याजवळ सामान नसतं.)

पायरी तिसरी, विमानात बसा. इथे नवशिके गडबडतात. विमानतळ धरूया छत्रपती संभाजीनगरचा, चिकलठाण्याला. सरळ रेषेत ११० किलोमीटर, पण एस्टी सरळ रेषेत जात नाही. तिला वाटेतली गावं असतात, गावांना फाटे असतात, आणि फाट्यावर हात दाखवणारी एक म्हातारी असतेच. साडेतीन-चार तास धरा. विमानतळावर दोन तास आधी पोचायचं. तिथून मुंबई २७८ किलोमीटर. आपल्या भागाकाराने २१ मिनिटं, वेळापत्रकात तासभर. विमानालाही वर चढावं लागतं, खाली उतरावं लागतं, रांगेत थांबावं लागतं. हे पायथागोरसने सांगितलेलं नाही. पुढे मुंबईतल्या मुंबईत एक तास.

बेरीज आठ तास. पाहुण्यांचा चहा निवला.

पर्यायी पद्धत. बुलढाणा घाटावर, मलकापूर घाटाखाली. राजूर घाट उतरून ४५ किलोमीटर. एस्टीचा टप्पा ६ किलोमीटरचा, म्हणजे आठ टप्प्यांचं तिकीट. जिल्ह्याच्या ठिकाणाला रेल्वे नाही, ती घाटाखालूनच निघून जाते. रात्री मलकापूरला विदर्भ एक्स्प्रेस धरली की सकाळी मुंबई. गाडीतला वेळ जवळजवळ विमानाच्या त्या बेरजेएवढाच, पण यात झोप धरलेली आहे आणि शेजाऱ्याच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणीही.

गणित पक्कं झालं की सराव करा. मलकापूर ते लोणार, १०५ किलोमीटर, आठ मिनिटं. यावर हसू नका. या जिल्ह्यात वरून आलेला एक प्रवासी लोणारलाच उतरलेला आहे. धावपट्टी नव्हती, कुणी परवानगीही मागितली नव्हती. कठीण काळ्या बेसाल्टमध्ये १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पाडून तो थांबला, आणि आज तो खड्डा बघायला लोक एस्टीने येतात.