ड्राय पोर्टचा तांडेल

आम्हा जालनेकरांना समुद्र मिळाला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. त्याआधी आम्ही पूर्वीच्या निजामाच्या हैदराबाद राज्यात होतो आणि त्या एवढ्या मोठ्या राज्याच्या नशिबी हातभरही किनारा नव्हता. द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि एका रात्रीत कच्छपासून रत्नागिरीपर्यंतच्या किनाऱ्याचे भागीदार झालो. साडेतीन वर्षांनी गुजरातचा वाटा गेला, कोकणाचा राहिला. वाटा कागदावर होता, ताबा घ्यायला मात्र बरीच वर्षं कोणी फिरकलं नाही. तो ताबा अखेर आमच्या तांडेलांनी घेतला.

तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, हे नाव जालन्यातल्या गांधी चमनच्या कट्ट्यानं ठेवलेलं. माणूस पन्नाशी ओलांडलेला, बदनापूरकडे मोसंबीची बाग आणि शहरात खत-बियाण्यांचं दुकान. जूनमध्ये यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. पण रब्बीचं बियाणं उठलं, उधारी लिहून झाली की क्रूझर ठरते आणि दोन कुटुंबं, एक आजी, भाकरीचं गाठोडं, ठेचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन तांडेल कोकणात उतरतात. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी चौकशी करा, असा एक तांडेल तिथं निघेलच. तो समुद्र पाहून येत नाही, तपासून येतो.

तपासणी घाटातच सुरू होते. कराड-पाटण मागं टाकून कुंभार्ली घाट लागला की तांडेल गाडी थांबवायला लावतात. मंडळींना वाटतं फोटो काढायचाय. तांडेल खाली उतरतात, कमरेवर हात ठेवून सह्याद्रीकडे बघतात आणि त्याला झापतात. "ह्यो बगा चोर! आपल्याकडं यायचं पाणी ह्यानं आडवून धरलंय." मुद्दा शास्त्राला धरून आहे. समुद्रावरून आलेले ढग या भिंतीला धडकतात, वर चढताना थंड होतात आणि बहुतेक माल अलीकडेच उतरवून मोकळे होतात. म्हणून कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर आणि आमच्याकडे सातशेच्या आसपास, तेही पावसाच्या मर्जीनं. पण सगळ्या गाडीनं उतरून डोंगराकडे रागानं बघावं, अशी तांडेलांची अपेक्षा असते. आजी तेवढ्यात डोंगराला हात जोडून मोकळी होते.

खाली उतरल्यावर गावांचे निकाल भराभर लागतात. गणपतीपुळे: देव उत्तम, डोंगराची प्रदक्षिणा उत्तम, गर्दी आपल्या राजूरच्या गणपतीला चतुर्थीला होते तितकी, त्यामुळे बदल वाटत नाही. आरे-वारे: वरच्या रस्त्यावरून बघावा आणि पुढं निघावं. हेदवी: दशभुजा गणपती पास, बामणघळीत पाणी उसळतं ते विशेष पास. आंजर्ले: कड्यावरच्या गणपतीपर्यंत आजी चढली, म्हणून पास. गुहागरला मात्र तांडेल विरघळतात. व्याडेश्वराच्या देवळामागून सुरूच्या झाडांतून बाहेर पडलं की सहा-एक किलोमीटर सरळ पुळण आणि तिच्यावर मोजून चार माणसं. एवढी मोकळी जमीन आणि सातबारा कोणाच्याच नावावर नाही, हे त्यांना पचत नाही. दोनदा चौकशी केली म्हणतात.

मासे हा विषय दोन ओळींत संपतो. घरात माळ आहे. आमच्या जिल्ह्यातला नाव घेण्यासारखा मासा एकच, अंबडची मत्स्योदरी. डोंगर माशाच्या आकाराचा म्हणून देवीचं नाव तसं. बाकी बांगडा आणि सुरमईतला फरक तांडेल वासावरून ओळखतात, तोही लांबूनच.

खरा प्रकार घडला भरतीपायी. गुहागरला ज्यांच्या घरी उतरले होते त्या काकांना तांडेलांनी संध्याकाळी विचारलं, पाणी किती वाजता येतं? काका सुपारी सोलत होते. वर न बघता म्हणाले, "आज तिथी कुठली? तिची पाऊणपट करा." चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. मग बारा-साडेबारा तासांनी पुन्हा. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे भरती येते पण तिच्यात जोर नसतो. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो, पाणी त्याच्या मागं मागं जातं, एवढंच गणित. तांडेल खुर्चीत सरळ झाले. ज्या शहरात नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं आणि कधी येईल ते वॉलमनलाच ठाऊक असतं, त्या शहरातला माणूस तो. इथं पाणी दिवसातून दोनदा येत होतं, वेळेवर येत होतं आणि ती वेळ कालनिर्णयात बघून काढता येत होती! त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. दीडला उठून टॉर्च घेऊन पुळणीवर गेले, पाणी आलंय का ते बघून आले आणि बायकोला उठवून सांगितलं, "आलं बरं का. टायमावर." बायको म्हणाली, "आवो, भांडी भरायचीत का मपल्याला? झोपा आता."

तेव्हापासून कट्ट्याची शांतता गेली. संध्याकाळी चहा येतो, कोणी कापसाचा भाव काढतं, आणि तांडेल घड्याळ बघून म्हणतात, "आता गुहागरला पाणी चढू राहिलं असंल. पण भांगाचं हाय, दम नाही." कोणाच्या पोराची सोयरीक अष्टमीला ठरली तर त्यांच्या तोंडून निघतं, सहाला भरती. दुकानात युरियाचं पोतं उचलणाऱ्या गिऱ्हाइकालासुद्धा ते उधाणाची तारीख सांगतात. गिऱ्हाईक भोकरदनचं असतं. ते बिचारं विचारतं, मग फवारणी करू का नको?

हर्णैला त्यांची आणि एका खऱ्या तांडेलाची गाठ पडली. दुपार कलल्यावर होड्या लागल्या होत्या, वाळूवर माशांचे ढीग, लिलावाचा गलका, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. त्या माणसानं विचारलं, कुठचे तुम्ही? जालना म्हटल्यावर त्याचा चेहरा कोरा. मग आमच्या तांडेलभाऊंनी ठेवणीतलं काढलं, "आमच्याकडंबी पोर्ट हाये." आता जालन्याला पोर्ट आहे हे खोटं नाही. शहराजवळ दरेगावला जवाहरलाल नेहरू बंदराचा ड्राय पोर्ट आहे, २०१५च्या डिसेंबरात त्याचं भूमिपूजन झालं. कल्पना अशी की कस्टमची मोहर इथंच उमटावी आणि आमचं स्टील, आमचं बियाणं कंटेनरात बसून रेल्वेनं थेट न्हावाशेव्याला जावं. हर्णैकरानं विचारलं, "खाडी कुठली?" भाऊ म्हणाले, "खाडी नाही." "मग जेटी?" "रेल्वेरूळ हाये." त्या माणसानं थोडा वेळ विचार केला, बोलला काही नाही आणि भाऊंना शहाळं पाजलं. तांडेल याचा अर्थ मान्यता मिळाली असा लावतात.

एकदा बाग जरा बरी होती म्हणून मंडळी मे महिन्यात गेली. दापोलीकडच्या एका वाडीच्या चढावर समोरून टँकर आला. तांडेलांनी आधी डोळे चोळले, मग गाडीतून उडीच मारली. टँकर ओळखण्यात जालन्याच्या माणसाची चूक होत नाही. २०१२-१३च्या दुष्काळात त्यांनी स्वतः टँकरनं मोसंबी जगवली होती. निम्मी जगली, निम्मी सरपणाला गेली. तीन हजार मिलिमीटर पडतो, मग टँकर कामून? वाडीतल्या बायकांनी समजावलं, पडतो तेवढा उतारानं दोन दिवसांत समुद्राला जातो, जांभा दगड पाणी धरत नाही, शिमगा झाला की विहिरी तळाला जातात. तेवढ्यात टँकरवाला मागं घेताना अडकला. तांडेलांनी "येऊ द्या, येऊ द्या, बस्स" करत त्याला चाकं घसरू न देता विहिरीशी आणून लावला, नळी कुठून सोडायची ते दाखवलं, हंड्यांची रांग लावली आणि रांगेत भांडणाऱ्या बायकांचं मिटवलं. त्या आख्ख्या सहलीत ते इतके खुश दुसरीकडे कुठंच दिसले नाहीत. मग टँकर रिकामा होईपर्यंत भाषण: शेततळी खणा, प्लास्टिकचा कागद अंथरा, आमच्या कडवंचीला येऊन बघा, जालन्याच्या पावसात द्राक्षं काढतात. बायकांनी ऐकून घेतलं. एका म्हातारीनं विचारलं, "भाऊ, तुम्ही सरकारी का?"

आमच्या मते या माणसाला समुद्राची गोडी नाहीच. त्याला पाण्याची गोडी आहे आणि समुद्र हा त्यानं पाहिलेला सगळ्यात मोठा साठा आहे. खारट आहे याचं वाईट त्यालाच वाटतं, समुद्राला नाही. पुळणीवर बसून तो लाटा मोजत नाही, एवढ्या पाण्यावर किती एकर भिजलं असतं याचा हिशोब करतो. मुक्कामी काकू बादली भरून देतात, न्हाणीत पाण्याला तोटा नाही, तरी हा अर्ध्या बादलीत आंघोळ उरकून उरलेलं पाणी माडाच्या बुंध्याला घालून येतो.

किनाऱ्यावरच्या घरोघरच्या काका-काकूंना म्हणून एक विनंती. आमचा माणूस आला आणि तुम्हालाच भरतीची वेळ सांगू लागला तर सांगू द्या, बहुधा ती बरोबर असते. सोलकढीत त्यानं चटणी कालवली तरी रागावू नका. पण पाण्यात गुडघ्याच्या पुढं त्याला जाऊ देऊ नका. तो "आपल्याला पोहता येतं" म्हणेल, आणि तेही खरंच आहे. पण तो विहिरीत शिकलाय. तिथं पाणी जागेवर राहतं, पायाखालून वाळू ओढून नेत नाही. ओहोटी लागली की त्याला हाक मारून वर बोलवा, टँकर आलाय म्हणून सांगा. धावत येईल.