जखडलेल्या चाकांची सोडवणूक

वडशासारख्या गावी, जेथे वेगाची प्रतिष्ठा आजही शंकरपटाच्या बैलजोडीकडे आहे आणि दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांच्या गाड्या नटनट्यांसह रात्री-अपरात्री धानाच्या बांध्यांमधून मार्ग काढतात, तेथे दोन माणसे आणि एक अहंकार एवढेच कसेबसे सामावणारी तांबडी स्पोर्ट्स कार का आणावी, हा प्रश्न आमच्या गिरणीमालक स्नेह्यांना विचारण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. ती मृगाच्या आधी आली, गिरणीच्या पत्र्याखाली विराजमान झाली, आणि वैनगंगेचा पूर चढून ओसरला, धान निसवले, तरी जागची हलली नाही. कारण प्रथम रस्ते राजी नव्हते, आणि रस्ते वाळले तेव्हा चाके राजी नव्हती.

या चाकांना डिस्क ब्रेक होते. फ्रेडरिक लँचेस्टर नामक इंग्रज अभियंत्याने त्यांचे पेटंट १९०२ सालीच घेतले असले, तरी त्यांचा खरा दबदबा १९५३ साली, ल मांची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने त्यांच्या बळावर जिंकली, तेव्हा निर्माण झाला. पायाचा दाब तेलावाटे कॅलिपरमधील पिस्टनपर्यंत पोचतो आणि पिस्टन पॅडला फिरत्या चकतीवर दाबतो, हे मी जाणत होतो. परंतु पाय उचलल्यावर पिस्टनला मागे घेणारी स्प्रिंग तेथे नसतेच, दाबाने किंचित मुरडलेली एक रबरी कडी पूर्ववत होताना त्याला केसभर मागे ओढते, एवढीच काय ती व्यवस्था, हे ऐकून मी थक्क झालो. तशात ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते, ओलाव्याने गंज चढतो, आणि गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा बळकावतो. मग तो केसही उरत नाही. ज्याने तालुका कचेरीत उमेदवारी केली आहे त्याला हे निराळे समजावण्याचे कारण नाही : जप्ती बसवायला एक शिपाई पुरतो, उठवायला मात्र नाझरापासून मामलेदारापर्यंत सर्वांच्या सह्या लागतात.

मिस्त्री ट्रॅक्टरांत मुरलेला, मितभाषी गृहस्थ होता. कॅलिपरमागचे दोन बोल्ट त्याने रात्रभर तेलात भिजत ठेवले आणि सकाळी पान्याच्या दांड्यावर हातभर पाईप चढवून जोर दिला, तेव्हा जो कडाड् आवाज झाला तो बोल्ट सुटल्याचा की तुटल्याचा, याचा निर्णय होईपर्यंत मालकांचा चेहरा पाहण्यासारखा होता. बोल्ट सुटले होते. कॅलिपर मात्र चकती सोडीना. जमलेल्या मंडळींत एका नाटकमंडळीचा खलनायकही होता. संध्याकाळपर्यंत उद्योग नसल्याने त्याने रंगभूमीवरील आवाजात "हाणा!" असा हुकूम सोडला. पंक्चरवाल्याने आपल्या हवेच्या यंत्राने पिस्टन उडवून देण्याची तयारी दर्शविली.

"आनि बोट गेलं त?" मिस्त्री एवढेच बोलला. चपट्या पट्टीने पॅड हळूहळू मागे सारीत त्याने कॅलिपर अलगद उतरवला. मालक उत्साहाने तेलाची नळी खोलू लागताच तो खेकसला, "नळी कायले खोलता जी? तेलच ढकलते त्याले बाहेर!" मग पिस्टनसमोर लाकडाचा तुकडा धरून त्याने मालकांनाच ब्रेक दाबण्यास बसविले. गाडी आल्यापासून त्या आसनावर बसून काही कार्य घडण्याचा हा पहिलाच प्रसंग. पिस्टन रेसभर, पुन्हा रेसभर सरकत अखेर निसटला आणि तेलाची चिळकांडी तांबड्या मडगार्डावर उडाली. हे तेल रंग खाते, म्हणून मिस्त्रीने तत्काळ बादलीभर पाणी ओतले; आता पाण्याने आणखी गंज चढणार, म्हणून मालकांनी तितक्याच तत्परतेने आकांत केला.

पिस्टनच्या चकचकीत अंगावर तपकिरी खड्डे पडले होते. नवा पिस्टन आणि रबराचा संच नागपुराहून मागवायचे ठरले.

"पुढच्या पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवू नोका," हात पुसत मिस्त्री म्हणाला. "चाकाले दगड लावजा जी."

मालकांनी नागपूरला फोन लावला आणि पिस्टन, रबरे वगैरे यादी सांगून झाल्यावर, दगडही कंपनीचाच मिळतो काय, अशी गंभीरपणे पृच्छा केली.